उकीर कोणाचा? सामाईक बागेतल्या गोफरचं प्रकरण

पार्श्वभूमी

सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या पूर्वेला, टेकड्यांच्या पायथ्याशी वसलेल्या एका शहरात आमची सामाईक बाग आहे. जमीन शहराची, कसतो आम्ही. एकूण ३४ वाफे, मधून जायच्या-यायच्या वाटा, पश्चिमेच्या कडेला ११ फळझाडं आणि मागच्या अंगाला गवताचा मोकळा उतार. वाफे करणाऱ्यांत मराठी घरं सात. बाकी गुजराती, तेलुगू, मेक्सिकन, चिनी, आणि दोन-तीन पिढ्या इथेच गेलेले अमेरिकन. एप्रिल ते ऑक्टोबर बाग खरी चालते ती देशातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांच्या हातांवर. मुलं कामाला आणि नातवंडं शाळेत गेली की ही मंडळी खुरपं घेऊन बागेत येतात. मेथी, मुळा, लाल माठ, अळू, रताळी, गवार, आणि कुंडीत जीव लावून जपलेला कढीपत्ता.

या बागेत गोफर शिरला, म्हणजे जमिनीखाली बोगदे करून मुळं-कंद खाणारा इथला एक प्राणी, त्याची ही गोष्ट. मी तेव्हा बागेच्या समितीची कार्यवाह होते. पुढचं सगळं त्या काळातल्या माझ्या वहीतून घेतलं आहे. माणसांची आणि जागेची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

इथलं हवामान आधी सांगते, कारण पुढचं बरंचसं त्यातून उलगडतं. पाऊस नोव्हेंबर ते मार्च. मे उजाडला की टेकड्यांचं गवत वाळून पिवळं पडतं आणि चिकण माती दगडासारखी होते. त्या कोरड्या मुलखात आमची बाग तेवढी बारा महिने ओली, वर्षानुवर्षं कंपोस्ट घालून भुसभुशीत केलेली, मुळांनी भरलेली.

अडचण

पहिल्या वर्षी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात वाटेवर ताज्या उकरलेल्या मातीचे ढीग, म्हणजे उकीर, दिसले. आठवड्याभरात ते वाफ्यांत आले. मग रोपं जायला लागली, आणि जायची रीत विचित्र होती. पानं कुरतडलेली नाहीत, कुठे पाऊल नाही. सकाळी पाहावं तर मुळ्याच्या ओळीत मधेच रिकामी जागा. एका आजींनी तर डोळ्यांदेखत पाहिलं: मुळ्याचा पाला थरथरला, थोडा खाली गेला, पुन्हा थरथरला आणि अख्खं रोप जमिनीत गडप झालं. रताळ्याचे वेल वर हिरवेगार, खाली कंद अर्धे. मे महिन्यात एक तरणं लिंबाचं झाड सुकलं. उपटून पाहिलं तर मातीखाली बुंध्याची साल गोल कुरतडलेली. त्या उन्हाळ्यात अशी तीन झाडं गेली. ठिबकच्या नळ्या फुटायच्या त्या वेगळ्याच.

जूनपर्यंत मी ६३ ढीग मोजले होते. बागेत बोललं जायचं, की खाली शेकडो आहेत.

ओळख पटायला लागलेला वेळ

आजी म्हणाल्या, घूस आहे. शेजारचे अमेरिकन गृहस्थ म्हणाले, मोल आहे. मोल म्हणजे इथला किडे-गांडुळं खाणारा, जमिनीखाली राहणारा छोटा प्राणी. एकाने ओसाड जागी बिळं करणाऱ्या खारींवर संशय घेतला. आम्ही दोन महिने मोल समजून वागलो. ही पहिली मोठी चूक. मोल मुख्यतः किडे आणि गांडुळं खातो; मुळे आणि रताळी गायब होत असताना त्याच्यावर संशय घ्यायचं कारणच नव्हतं.

खरं तर उकिरावरूनच ओळख पटते. मोलचा ढीग गोल, ज्वालामुखीच्या आकाराचा, तोंड मधोमध. जमिनीतल्या खारीचं बीळ सताड उघडं. आमचे ढीग घोड्याच्या नालासारखे, एका बाजूला पसरलेले, आणि तोंड कडेला, तेही मातीच्या गुडदीने घट्ट बुजवलेलं. हा गोफर. नेमकं सांगायचं तर ‘बोटाचा पॉकेट गोफर’, थोमोमिस बोटे. १८२७-२८ च्या सुमारास कॅलिफोर्नियात आलेल्या पॉल-एमिल बोटा यांचं नाव त्याला दिलं आहे. पुढे इराकमधल्या मोसुलजवळ खोर्साबादला अ‍ॅसिरियन राजवाडा उकरून काढला तो याच बोटांनी.

मराठीत याला नाव नाही, कारण हे कूळच आपल्याकडे नाही. गोफरांचं कुटुंब फक्त उत्तर आणि मध्य अमेरिकेत सापडतं. घूस उंदरांच्या घराण्यातली, गोफर त्या घराण्यातला नाही. सवयींत मात्र दोघांचं बरंच जुळतं, आणि त्या जुळण्यानेच आम्हाला फसवलं.

प्राणी वीतभर लांबीचा. डोळे आणि कान बारीक, पुढच्या पायांना लांब नख्या. दोन्ही गालांवर बाहेरून उघडणारे खिसे, आतून केसाळ. त्यांत कंद आणि मुळांचे तुकडे भरून तो कोठारात नेतो. इंग्रजी नावातला ‘पॉकेट’ तो हाच. ओठ दातांच्या मागे मिटतात, त्यामुळे दातांनी माती फोडली तरी तोंडात जात नाही. अरुंद बोगद्यात तो उलट्या पावलीही भराभर पळतो आणि शेपटीने वाट चाचपतो. खाण्याचे बोगदे सहा ते बारा इंचांवर, घरटं आणि कोठार कधी सहा फुटांपर्यंत खोल.

यातली आम्हाला सर्वांत उशिरा कळलेली गोष्ट अशी: हा प्राणी एकटा राहतो. एका बोगद्याच्या जाळ्यात एकच गोफर. वीण होते तेव्हा आणि आईजवळ पिल्लं असतात तेव्हा तेवढा अपवाद. ते एक जाळं दोनशे चौरस फुटांपासून दोन हजार चौरस फुटांपर्यंत पसरलेलं असू शकतं, आणि एकच गोफर दिवसात कित्येक ढीग काढतो. ६३ ढीग म्हणजे ६३ प्राणी नव्हेत. आमची पहिली सहा महिन्यांची सगळी धावपळ या एका चुकीच्या हिशेबावर चालली होती.

पहिल्या उन्हाळ्यात काय काय केलं

बागेतल्या नळीने एका बिळात तीन तास पाणी सोडलं. ते दोन वाफे सोडून तिसऱ्या वाफ्यात वर आलं आणि तिथली भेंडी झोपली. गोफर गेला नाही. जाळं एवढं मोठं असतं की पाणी पांगतं, आणि धोका जाणवला की तो मधेच मातीची भिंत घालतो. धुराच्या कांड्यांचंही तेच.

मग जमिनीत खोचायचे, थरथर करणारे सौर खुंटे आणले, आठ. एका खुंट्यापासून फूटभरावर ताजा उकीर निघाला. त्या पैशांत चार वाफ्यांची जाळी आली असती.

सातारा जिल्ह्यातले एक काका लेकीकडे आले होते. उभा जन्म ऊस आणि भुईमूग केलेला. ते म्हणाले, “ताई, उंदरांचं मला सांगू नका. आधी सगळी बिळं बुजवायची. दुसऱ्या दिवशी उकरलेली दिसतील ती जिवंत बिळं. बाकीच्यांकडं बघायचंसुद्धा नाही.”

पद्धत पक्की आहे. आपल्याकडे शेतात जिवंत बिळं अशीच शोधतात. काकांनी दोन दिवस खपून मिळतील ती सगळी तोंडं बुजवली. दुसऱ्या दिवशी एकही उकरलेलं नव्हतं. काकांनी निकाल दिला: “बिळं मेलेली आहेत. जनावर कधीच गेलं.” आम्ही सुटकेचा श्वास टाकला आणि नवी रोपं लावली. दहा दिवसांत ती गेली. काका आठवडाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. त्यांच्या अनुभवाला त्या मातीने खोटं पाडलं होतं.

याच उन्हाळ्यातली एक गोष्ट लिहिताना अजून वाईट वाटतं. जूनमध्ये एका वाफ्यापाशी चारेक फुटांचा साप निघाला. डोकं चपटं करून, शेपटी वाळल्या पानांवर थडथडवत होता. कोणीतरी ओरडलं, “रॅटलस्नेक!” (शेपटीचा खुळखुळा वाजवणारा विषारी साप) आणि एकाने फावडं घातलं. तो गोफर स्नेक होता. बिनविषारी, आणि नावच सांगतं की तो काय खातो. डिवचला की तो रॅटलस्नेकसारखा आव आणतो, तीच त्याची ढाल. आपल्याकडे धामण मारू नये हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. इथली धामण कोणती हे आम्ही विचारलंच नव्हतं. आता फाटकाजवळ दोन्ही सापांचे फोटो लावले आहेत.

पर्याय तोलले ते असे

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सगळ्यांची बैठक झाली. काउंटीच्या (इथल्या जिल्ह्याच्या) मास्टर गार्डनर, म्हणजे बागकामाचं प्रशिक्षण घेऊन लोकांना सल्ला देणाऱ्या स्वयंसेवकांपैकी एक बाई आल्या होत्या. त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत ढीग पाहून ओळख सांगितली. मार्चमध्ये एक फोन केला असता तर सहा महिने वाचले असते.

विषाचा प्रश्न लवकर निकालात निघाला. शहराबरोबरच्या करारातच विषारी आमिषाला मनाई होती. करार नसता तरी मी विरोधच केला असता. बाग खाण्याच्या भाजीची, मुलं मातीत खेळतात, आणि आमिष खाल्लेला प्राणी घुबडाच्या किंवा कोल्ह्याच्या पोटात जातो. घुबडं आणि इतर शिकारी प्राणी असे विषाने मरतात म्हणूनच कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२१ पासून रक्त गोठू न देणाऱ्या दुसऱ्या पिढीच्या उंदीरनाशकांच्या बहुतेक वापरांवर बंदी आली.

पकडून टेकडीवर सोडावं असं अनेकांना वाटत होतं, मलाही. पण राज्याच्या वन्यजीव खात्याच्या परवानगीशिवाय प्राणी दुसरीकडे नेऊन सोडणं इथे बेकायदा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी गणित जुळत नाही. ओळखीच्या बिळाबाहेर उघड्यावर पडलेला गोफर घुबडाच्या तोंडी जातो, नाहीतर दुसऱ्याच्या बिळात शिरून मारामारी करतो. सोडणाऱ्याच्या मनाला बरं वाटतं, एवढाच फायदा.

उरले दोन मार्ग. एक, वाफ्यांखाली जाळी घालणं: खर्चिक, कंबर मोडणारं, पण टिकाऊ. दुसरा, मारणारे सापळे. यावर बैठक खरी तापली. दोन जैन घरं होती. मुळा गेलेल्या त्याच आजी माळकरी. त्या उठून म्हणाल्या, “माळ आहे गं माझ्या गळ्यात. माझ्या वाफ्यात जीव घ्यायचा नाही. मुळा गेला तर गेला.” समोरचे मेक्सिकन गृहस्थ शांतपणे म्हणाले, की त्यांच्या घरची आठवड्याची भाजी याच वाफ्यातून येते, त्यांना ‘गेला तर गेला’ परवडत नाही. दोघांचंही खरं होतं. मतदान घेतलं असतं तर सापळे मंजूर झाले असते, पण मला ते नको होतं. बहुमताने आजींची माळ तुटणार नव्हती, आजी बागेतून तुटल्या असत्या.

ठरलं ते असं. ज्यांना सापळा नको त्यांच्या वाफ्यांना जाळी आधी, सामाईक पैशातून. सापळे फक्त वाटांवर आणि फळझाडांच्या पट्ट्यात, तिघाच स्वयंसेवकांच्या हातून. उताराला हात लावायचा नाही. आजींनी याला हो म्हटलं नाही, पण उठूनही गेल्या नाहीत.

उताराला हात का लावायचा नाही

यावर सर्वांत जास्त वाद झाला. “शत्रूचं घर तसंच ठेवायचं?” असा प्रश्न आला. मास्टर गार्डनर बाईंनी तेव्हा सेंट हेलेन्सची गोष्ट सांगितली. त्या रात्री मी ती वाचून काढली.

१८ मे १९८० ला वॉशिंग्टन राज्यातला सेंट हेलेन्स पर्वत फुटला. मैलोन्‌मैल राख आणि पमीस (ज्वालामुखीतून पडणारा हलका, सच्छिद्र) दगडाचा थर. जमिनीवरचं जवळजवळ सगळं संपलं. जमिनीखाली होते त्यातले काही गोफर वाचले, आमच्या गोफरचेच उत्तरेकडचे भाऊबंद. ते राखेखालची जुनी माती वर काढू लागले. त्या मातीत बुरशीचे बीजाणू होते. ही बुरशी झाडांच्या मुळांशी जोडली जाते आणि त्यांना पाणी व अन्नद्रव्यं मिळवून देते. १९८३ साली शास्त्रज्ञांनी पमीसच्या ओसाड तुकड्यांवर गोफर नेऊन एक दिवस, फक्त एक दिवस, सोडले. त्याआधी तिथे जेमतेम डझनभर रोपं तगली होती. सहा वर्षांनी त्या तुकड्यांवर ४० हजार रोपं होती. आजूबाजूची जमीन तेव्हाही बहुतांशी उघडीबोडकी. चार दशकांनंतरही त्या मातीतल्या सूक्ष्मजीवांवर त्या एका दिवसाची खूण सापडते, असं २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे.

आमच्या उतारावरही तेच काम चालतं, फक्त सावकाश. एक गोफर वर्षाला साधारण टनभर माती वर आणतो. पावसाचं पाणी बोगद्यांतून खोल मुरतं. सोडून दिलेल्या बिळांत सरडे आणि बेडूक राहतात. मध्य कॅलिफोर्नियात संकटात आलेला टायगर सॅलमँडर (बेडकांच्या वर्गातला, सरड्यासारखा दिसणारा प्राणी) कोरडे महिने अशाच बिळांत काढतो. उतारावर वसंतात पिवळे पॉपी उगवतात ते अनेकदा ताज्या उकिरावर, कारण तिथे गवताची दाटी मोडलेली असते. हे सगळं भाजीच्या वाफ्यात नको, मान्य. पण म्हणून उतारावरही नको, हे मला पटत नव्हतं.

व्यवहाराचं कारणही होतं. बीळ रिकामं झालं की शेजारचा किंवा आईपासून नुकता वेगळा झालेला गोफर त्यात येतो. आयतं घर मिळतं. आणि घराची किंमत मोठी असते. याच जातीच्या गोफरवर झालेल्या मोजमापानुसार, बोगदा खणत जायला लागणारी ताकद तेवढंच अंतर जमिनीवरून चालण्याच्या ३६० ते ३४०० पट. एवढ्या कष्टाने खणलेलं बिऱ्हाड कोण रिकामं ठेवील? उतार कितीही साफ केला तरी पलीकडच्या टेकडीवरून दुसरे आले असते. थांबवायचं तर बागेच्या हद्दीवरच थांबवावं लागणार होतं.

काय केलं, आणि काय अडलं

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, काका परत जायच्या आधी, बाईंनी सांगितलेली चाचणी केली. गोफरचं बोगद्याचं तोंड बुजवून काही कळत नाही, कारण ते तो स्वतःच बुजवून ठेवतो. त्याला उजेड, वारा, साप नको असतो. म्हणून उलट करायचं: बोगदा उघडायचा, आणि दोन दिवसांत कोण बुजवतं ते पाहायचं. मी हे काकांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “म्हणजे आमच्याकडचं जनावर दार उघडतं, हे दार लावतं.” आणि फावडं मागितलं.

काकांनी स्वतः २० ठिकाणी बोगदे उघडले, प्रत्येकाशी काडी रोवली. दोन दिवसांनी ९ बुजलेले होते. नकाशावर मांडले तेव्हा त्यांचे चार घोळके दिसले. शेकडो नाही, साठ नाही. चार, फार तर पाच प्राणी. बैठकीत इतकं तापलेलं वातावरण त्या एका कागदाने खाली आलं. ही चाचणी मार्चमध्ये केली असती तर मला वाटतं आम्ही ते सौर खुंटे आणलेच नसते.

सापळ्यांचे पहिले दोन आठवडे वाया गेले. चिमट्याचे सापळे इथूनच जवळच्या लॉस गॅटोस गावातल्या झेफायर मॅकाबी यांनी १९०० साली बनवलेल्या धाटणीचे. साधे आणि अजून चालणारे. चूक आमची. आम्ही ते ढिगाच्या तोंडात, माती बाहेर टाकायच्या आखूड फाट्यात लावत होतो. गोफर तिथे पुन्हा फिरकेलच असं नाही, आणि आला तर पुढे माती ढकलत येतो, सापळा मातीने भरतो. सापळा मुख्य बोगद्यात हवा. ढिगाच्या बुजवलेल्या तोंडाच्या बाजूला, आठ ते बारा इंचांवर लोखंडी सळई दाबत जायची. एका ठिकाणी हाताखालची माती एकदम हलकी होते आणि सळई दोन इंच सटकन खाली जाते. तो बोगदा. तिथे उघडून दोन दिशांना तोंड करून दोन सापळे, दोन्ही तारेने खुंटीला बांधलेले. दोन दिवसांत काही नाही लागलं तर जागा बदलायची. रोज सकाळी पाहणी, कोणताही प्राणी तडफडत राहता कामा नये, हा आमचा नियम.

हे जमल्यावर डिसेंबर ते फेब्रुवारी सहा गोफर पकडले. चाचणीत चार-पाच दिसले होते. एक-दोन जागा मधल्या काळात पुन्हा भरल्या असाव्यात. मी स्वतः त्यातले दोन काढले. हाताला सोपं नव्हतं. मखमलीसारखे मऊ केस, गालाच्या खिशात तेव्हाच तोडलेली मेथीची मुळं.

जाळीचं काम जानेवारीत सुरू झालं. वाफ्याची माती दीड-दोन फूट उपसायची, तळाला आणि बाजूंना अर्ध्या इंची चौकोनांची जस्त चढवलेली जाड जाळी, पुन्हा माती. एका शनिवारी जास्तीत जास्त तीन वाफे. पैसे वाचवायला पहिल्या चार वाफ्यांना आम्ही कोंबड्यांच्या खुराड्याची षटकोनी जाळी घातली. ती पातळ, भोकं मोठी, लवकर गंजते. दीड वर्षात त्यातले दोन वाफे फुटले. आजींचा वाफा त्यातलाच. त्यांचा नियम पाळायचा म्हणून तो आधी केला, आणि आधी केला म्हणून त्यालाच कच्ची जाळी मिळाली. मी त्यांच्याकडे जाऊन हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “अगं, पुन्हा घाल. मी माती काढायला येते.” खरोखर आल्या, वयाच्या ७४ व्या वर्षी.

दुसरी उणीव कडांची. जाळी आम्ही जमिनीच्या पातळीला संपवली होती. गोफर बहुतेक खालीच राहतो, पण रात्री क्वचित वरून चालत येतो, विशेषतः नवी जागा शोधणारी पिल्लं. एका वाफ्यात असाच वरून शिरला आणि मग जाळीच्या आत आरामात राहिला. त्यानंतर सगळ्या कडा सहा इंच वर घेतल्या.

शिवाय दोन छोटे बदल. वाटांवरचं क्लोव्हर (गवतासारखं पसरणारं तीन पानी झुडूप) काढून तिथे लाकडाचा भुसा पसरला, कारण क्लोव्हर गोफरला फार आवडतं. नवी फळझाडं जाळीच्या टोपलीत लावली, मुळांना पसरायला जागा ठेवून. जुन्या झाडांना हे करता येत नाही, त्यांच्या बुंध्याशी महिन्याला सळई फिरवणं एवढंच हातात राहिलं.

उताराच्या टोकाला गव्हाणी घुबडासाठी खांबावर पेटी लावली. एका घरातून कुरबुर झाली, की घुबड बागेत नको. त्यावर आजी म्हणाल्या, “लक्ष्मीचं वाहन आहे, येऊ दे.” दुसऱ्या वसंतात जोडी आली. पेटीखाली पडलेल्या गुठळ्यांत (घुबडाने ओकलेल्या, न पचलेल्या केस-हाडांच्या) मुलांना गोफरचे पिवळे-नारिंगी दात सापडले. घुबडांमुळे गोफर संपतील असं मी कोणाला सांगितलं नाही. ती बरेच खातात, पण नुकसान थांबवायला एकटी पुरी पडत नाहीत.

काय झालं

दुसऱ्या वर्षी मार्च ते मे वाफ्यांत एकही ताजा उकीर नव्हता. आम्ही जिंकल्यासारखे वागायला लागलो. जूनमध्ये फळझाडांच्या पट्ट्यात पुन्हा ढीग आले. पाणी न देणाऱ्या जमिनीत गोफरची वीण वर्षातून एकदा होते. ओलिताच्या जमिनीत तीनदाही होऊ शकते, एका वेळी सरासरी पाच-सहा पिल्लं. ती मोठी होऊन घर शोधायला निघतात. आम्ही फेब्रुवारीत सापळे उचलून ठेवले होते, आणि जून उजाडेपर्यंत एकदाही चाचणी केली नव्हती. त्या उन्हाळ्यात एक डाळिंबाचं झाड गेलं आणि चार गोफर पकडावे लागले.

तिसऱ्या वर्षी एकही झाड गेलं नाही. वाफ्यांपैकी २९ ना आता पक्की जाळी आहे. ठिबकची दुरुस्ती वर्षात दोनदा करावी लागली, पहिल्या वर्षी ती जवळजवळ दर पंधरवड्याला होती. उतारावर ढीग आहेत तसे आहेत.

आज पुन्हा करायचं झालं तर

पहिला ढीग दिसल्याच्या दिवशी तोंड कुठे आहे ते पाहीन, मधोमध की कडेला. त्याच आठवड्यात २० बोगदे उघडून काड्या रोवीन. मोजायचं ते बुजलेली भोकं. ढीग मोजून फक्त भीती वाढते.

सापळे डिसेंबर ते फेब्रुवारीत, विणीच्या आधी लावीन. त्या काळात पकडलेली एक मादी म्हणजे उन्हाळ्यात घर शोधणारी पाच पिल्लं कमी. ज्याला जीव घेणं कमीत कमी करायचं आहे त्याच्यासाठीही हाच काळ योग्य. हे मी आजींना पहिल्याच बैठकीत सांगायला हवं होतं. मला तेव्हा माहीत नव्हतं.

जाळीत पैसे वाचवणार नाही. कमी वाफे करीन, पण पक्के.

काकांचं ज्ञान मी एकदम मोडीत काढलं नसतं, आणि एकदम स्वीकारलंही नसतं. ‘जिवंत बीळ शोधा, बाकी सोडा’ हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. फक्त जिवंतपणाची खूण या प्राण्यात वेगळी होती. ती विचारायला आमच्यापैकी कोणीच थांबलं नाही. काका आता व्हिडिओ कॉलवर चाचणीचा निकाल मागून घेतात, आणि गावाकडे कोणी ऐकत असेल तर त्याला दार लावणाऱ्या जनावराची गोष्ट सांगतात.

यंदा फेब्रुवारीत २० पैकी दोनच भोकं बुजली, दोन्ही उत्तरेच्या कुंपणाजवळ. तिथे चर खणून दोन फूट खोल जाळी उभी करायची आहे. जाळीची गुंडाळी आली आहे, माती अजून ओली आहे, आणि पहिल्या शनिवारसाठी सात जणांनी नावं दिली आहेत.